बारीची माय

आमच्या शेजारच्या अर्चनाच्या मुलाला हाडाचा टीबी निघाला, त्या दिवशी ती थेट माझ्याकडे आली. रडायच्या आधी तिने विचारलं, "काकू, तुम्ही वर्षभर पडून कशा राहिल्या?" मी म्हटलं, बस, आधी चहा घे. चहा झाला, रडणं झालं, मग मी तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. औषधांचं मला विचारू नका, ती आता पुष्कळ सुधारली आहेत आणि ते डॉक्टरांचं काम आहे. मी सांगणार आहे ते दवाखान्यातल्या दिवसांचं, आणि त्यातही आयांचं.

रिक्षातली सवारी

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी सात वर्षांची, नागपूरच्या इंदोऱ्यातल्या एका बस्तीत राहणारी. बाबा सायकलरिक्षा चालवायचे आणि माय घरी बिड्या वळायची. माझ्याखाली दोन भावंडं होती.

मी लंगडायला लागले तेव्हा मायला वाटलं, नळावरून पाणी आणायला नको म्हणून सोंग करते आहे. तसा माझा लौकिक होताच. मग शेजारणीने सांगितलं, लचक भरली असेल, मोहाचं तेल चोळ. मायने इतकं मनापासून चोळलं की मी बस्ती डोक्यावर घेतली. पाय मात्र दिवसेंदिवस बारीक होत गेला आणि मी रात्रीची झोपेत कण्हायला लागले. तेव्हा बाबा म्हणाले, "हे सोंग नाही वं. झोपेत कोणी सोंग करते काय?"

बाबांच्या रिक्षात मी तोवर फक्त ती उभी असताना खेळायला बसले होते. त्या दिवशी पहिल्यांदा सवारी म्हणून बसले. माय शेजारी, बाबा पुढे पायडल मारताहेत, आणि मी साहेबिणीसारखी इकडेतिकडे बघते आहे. खरं सांगायचं तर सरकारी दवाखान्याचं फाटक येईपर्यंत मी खुशीत होते.

कमरेचा एक्स-रे फोटो काढला. एका तरुण डॉक्टरने तो खिडकीकडे धरून पाहिला आणि सांगितलं, "कमरेच्या हाडाला टीबी आहे."

माय म्हणाली, "बाप्पा! पण खोकला तं नाही तिले."

"हाडाच्या टीबीत खोकला नसतो बाई."

"जगन ना?"

"जगेल. नीट केलं तर चालेल पण. मात्र वर्षभर इथे झोपून राहावं लागेल आणि रोज इंजेक्शन. मधेच घरी नेलं तर पाय कायमचा जाईल, आणि जिवाचंही मी सांगू शकत नाही."

बाबांनी घाबरत घाबरत खर्चाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, सगळं फुकट आहे, औषध, दूध, अंडं, सगळं. फक्त मुलीजवळ घरची एक बाई कायम पाहिजे. वॉर्डात नर्स थोड्या आणि मुलं फार.

बाबांचा चेहरा उजळला. मायचा नाही. बिड्या तिने वळल्या नाहीत तर घरी संध्याकाळी चूल पेटणार नव्हती, कारण रिक्षाचं भाडं भरून बाबांच्या हाती उरायचं ते धान्यालाही पुरत नव्हतं. औषध फुकट होतं, मायचा दिवस फुकट नव्हता. हे त्या भल्या डॉक्टरच्या ध्यानात आलं नाही, आणि मायला ते बोलून दाखवायची लाज वाटली.

पलस्तर

कमरेपासून घोट्यापर्यंत पलस्तर घातलं. ओलं असताना ते गरम लागतं, वाळलं की आत खाज सुटते. खाजेवर उपाय म्हणजे खराट्याची काडी. नर्सला दिसली तर ती काढून घ्यायची, आणि दुपारपर्यंत नवी काडी कुठून तरी यायचीच. इंजेक्शनची गाडी वॉर्डाच्या दारातून आत आली की पहिल्या खाटेवरचं पोर रडायचं आणि ते रडं खाटेखाटेने आमच्याकडे सरकत यायचं. सुईपेक्षा ते वाट बघणं वाईट. अर्चनाला मी सांगितलं, पोराला गाडीकडे पाठ करून झोपव.

माझ्या उजवीकडे वसंता होता, भिवापूरचा, माझ्याच वयाचा. त्याच्या पाठीच्या कण्याला टीबी होता. त्याची आई पार्वताबाई नागपूरला नणंदेकडे उतरली होती. डावीकडे बुधिया, तिचा गुडघा धरला होता. तिची आई फुलमती छत्तीसगडची. कोराडीला वीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं, तिथे ती घमेली उचलायची.

पहिल्याच दिवशी पार्वताबाईने आमचं आडनाव विचारलं आणि वसंताचा पाण्याचा तांब्या आमच्या दोन खाटांमधल्या स्टुलावरून उचलून पलीकडे ठेवला. आम्ही बौद्ध, हे आडनावावरून तिला कळलं होतं. मायने ते पाहिलं. माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "बरं झालं वं, स्टूल आपल्याले मोकळा भेटला." आणि आपला डबा तिने ऐसपैस त्यावर मांडला.

सूप आणि सिस्टर

मायने आधी सरळ उपाय केला. बिडीचं सूप, तंबाखू, तेंदूची पानं, सगळं घेऊन ती वॉर्डात आली आणि माझ्या खाटेखाली मांडी घालून वळायला बसली. तिच्या दृष्टीने यात वावगं काही नव्हतं. पोरीजवळ बाई पाहिजे म्हणता ना, ही घ्या बाई. हात तर रिकामेच होते. घरी ती अशीच वळायची, मांडीवर धाकटा झोपलेला असायचा.

थोड्या वेळाने सगळा वॉर्ड शिंकायला लागला. ज्यांच्या छातीला दुखणं होतं ती मुलं खोकून खोकून लाल झाली. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर धावत आल्या, उंच, कडक, चष्म्यातून बघणाऱ्या.

"हा दवाखाना आहे की कारखाना?"

"सिस्टरबाई, मी खाली बसली हावो. खाटेवर नाही."

"टीबीच्या वॉर्डात तंबाखू! अहो, अक्कल आहे का?"

सूप बाहेर गेलं. आज मला हसू येतं, पण तेव्हा मायचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली. पलस्तराची नाही. माय मला इथे ठेवून जाईल, किंवा इथून नेईल, याची. दोन्हींतलं कोणतं जास्त वाईट हे मला ठरवता येत नव्हतं.

घरून बाबांचे निरोप येत. धाकटीला ताप आहे. शेजारीण किती दिवस चारणार? मायने बिड्यांच्या ज्या ठेकेदाराकडून उचल घेतली होती, त्याचा माणूस येऊन गेला. शेवटी एका सकाळी माय माझं अंथरूण गुंडाळायला लागली. मी विचारलं, "माय, काय करून राहिली?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरी जाऊ. घरी तेल चोळू."

घरी जायचं म्हणून मला आनंदच झाला, हेही सांगून टाकते. डॉक्टरचं बोलणं मला कळलं नव्हतं. फुलमतीला कळलं होतं.

ती खाटेवरून उठली आणि मायच्या हातातली गोधडी तिने धरली. "कहाँ ले जा रही है? मारेगी क्या लड़की को?"

"मंग काय करू? घरी दोन हायेत ना!"

"तू जा काम पे. आज मैं दोनों को देखती हूँ. कल मैं जाऊँगी, तू देखना. मेरा भी तो काम छूटा है, बहन."

दोघी गोधडीची दोन टोकं धरून उभ्या होत्या. मग मायने सोडली. तिथून आमची बारी सुरू झाली, म्हणजे आयांनी पाळीपाळीने एकमेकींची पोरं सांभाळणं.

मिरचीचे हात

पार्वताबाई बरेच दिवस वेगळी राहिली. वसंताने आमच्या हातचं खावं हे तिला चालणारं नव्हतं. पण नणंदेच्या घरी बसून खाणंही फार दिवस चालत नाही. नणंदेने तोंडाने काही म्हटलं नाही, ताटातली भाकरी तेवढी लहान होत गेली. तेव्हा तिने मिरची बाजारात देठं खुडायचं काम धरलं आणि एक दिवस मायपुढे येऊन उभी राहिली.

"माह्या पोराले पाहशीन काय? पण जेवण माह्या डब्यातलं."

माय म्हणाली, "तुह्या डब्यातलं, तुह्याच चमच्यानं चारीन. चमचा बी तूच धुऊन ठेव, म्हणजे झालं."

आठवडाभर हे नीट चाललं. मग मायच्या डब्यात वांग्यात घातलेली सुकट आली. वसंताला वास गेला. तो पालथा झोपलेला असायचा, मान तेवढी वळायची, ती त्याने पूर्ण वळवली आणि म्हणाला, "मावशे, मले बी." मायने आधी नाही म्हटलं, दुसऱ्यांदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा चारली. आणि वसंता असा पोरगा की त्याच्या पोटात काही राहत नसे. आईला तो बाई म्हणायचा. ती येताच त्याने सांगितलं, "बाई, उद्या सुकट आण. ह्या मावशीसारखी."

पार्वताबाईने मायकडे पाहिलं. माय तयारीतच होती, कमरेवर हात. पण पार्वताबाई खाटेवर बसली आणि थकल्या आवाजात म्हणाली, "मले नाही जमत सुकट. वास मारते." त्यानंतर चमच्याचं कोणी बोललं नाही.

तिच्या बारीच्या दिवसाची मात्र आम्हाला धास्ती वाटायची. मिरची खुडलेले हात कितीही धुतले तरी जळजळत. एकदा इंजेक्शनानंतर मी रडत होते. तिने मायेने माझे डोळे पुसले, आणि मग मी जे रडले, ते डॉक्टर बघायला आले. त्या दिवसापासून ती आमचे डोळे कोपराने पुसायची.

दसऱ्याला मायची बारी होती. त्या दिवशी पांढरे कपडे घालून आमची सगळी बस्ती दीक्षाभूमीवर जायची. मायने बारी बदलून मागितली नव्हती. पार्वताबाईच म्हणाली, "तुमचा मोठा दिवस हाये ना? जा तू. मी राहीन." मला त्या वयातही कळलं की हे सोपं नव्हतं.

नियम

ही बारी सिस्टरांच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण खाटेजवळ बाई दिसत होती. पण एक दिवस त्यांनी मायला वसंताला भरवताना पाहिलं आणि त्या थांबल्या.

"कालपर्यंत तर तू त्या मुलीची आई होतीस."

मायने उत्तर जुळवायच्या आतच वसंता बोलला. "हे माही बाई नाही. हे बारीची हाये. माही बाई परवा येईन." आणि एवढ्यावर न थांबता त्याने कोणाची बारी कोणत्या वारी, तेही सांगितलं.

सिस्टर रागाने लाल झाल्या. दुसऱ्यांची मुलं, त्यात पलस्तरातली. काही झालं तर जबाबदार कोण? उद्या सकाळी प्रत्येक मुलाची सख्खी आई हजर पाहिजे, नसेल त्याला घरी पाठवीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी हजर होत्या. तिघींची मजुरी बुडाली होती. मी पडल्या पडल्या सगळं ऐकत होते आणि एवढं मला आता कळत होतं की, या बायका हरल्या तर मी पुन्हा कधी चालणार नाही.

माय म्हणाली, "सिस्टरबाई, तुम्ही औषध देता, उपकार हाये. पण मी रोज इथं बसली तं घरचे दोन उपाशी राह्यते. तुम्हीच सांगा, तिघांतून कोणतं वाचवू?"

सिस्टर म्हणाल्या, नियम मी केलेला नाही.

तेव्हा पार्वताबाई पुढे आली. तशी ती कमी बोलणारी. "बाई, माह्या पोराले मी यायच्या हातचं खाऊ देतो. माह्या गावात समजलं तं मले विहिरीवर कोणी उभी नाही करणार. आमचा बी नियम होता ना! मी पोरासाठी मोडला. तुमचा काय माह्यापेक्षा मोठा हाये?"

फुलमतीने तिचा दंड धरला. सिस्टरांनी वसंताची चादर ओढून सारखी केली, जी आधीच सारखी होती.

मग म्हणाल्या, "आज कोणाची बारी?"

फुलमती म्हणाली, "मेरी."

"मग तू थांब. बाकीच्या जा, वॉर्डात गर्दी नको. आणि जिची बारी असेल तिने सकाळी आधी माझ्याकडे यायचं. पलस्तरातलं मूल कुशीवर कसं वळवायचं ते मी दाखवीन. तुम्ही पोत्यासारखं वळवता."

मी पांघरूण तोंडावर घेऊन रडले. सुटका झाल्याचं रडू होतं ते.

पहिल्यांदा

बारीने आम्हाला तारलं, पण तिची एक किंमतही होती. अर्चनाला मी हेही सांगितलं, कारण नुसतं गोड सांगून उपयोग नाही. बुधियाच्या गुडघ्याचं पलस्तर निघालं आणि तिने पाय वाकवला, तो पार्वताबाईने पाहिला. फुलमती तेव्हा कोराडीला घमेलं उचलत होती. संध्याकाळी येऊन तिने ऐकलं, हसली, आणि नंतर संडासाच्या बाजूच्या भिंतीशी जाऊन एकटीच उभी राहिली. मायने तिला तसं पाहिलं.

पुढे वसंताची वेळ आली. डॉक्टरांनी त्याला बसवून पाहिलं. इतके महिने पालथा पडलेला पोरगा बसला, आणि खिडकीतून बाहेर बघून ओरडला, "अरे, इथं झाड हाये!" त्या दिवशी बारी मायची होती. डॉक्टर गेल्यावर मायने त्याला हळूच पुन्हा निजवलं.

"वसंता, तुह्या बाईले सांगू नको."

"काहून?"

"उद्या तिची बारी हाये. तिच्यासमोर पहिल्यांदा बस."

ज्याच्या पोटात सुकट राहिली नव्हती, त्याच्या पोटात हे कसं राहणार? संध्याकाळी पार्वताबाई चक्कर मारायला आली तेव्हा वसंताने गोधडी तोंडावर ओढली आणि ती गेल्याशिवाय काढलीच नाही. तिला वाटलं पोर रुसलं. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "चला, आज याला बसवून बघू." वसंता बसला. त्याने थोडं डगमगून सुद्धा दाखवलं. पार्वताबाई त्याच्या गळ्यात पडून इतकी रडली की दोन्ही हात डोळ्यांना लागले आणि मग मिरचीने आणखी रडली. सगळा वॉर्ड हसत होता आणि सगळ्या वॉर्डाचे डोळे ओले होते.

त्यानंतर हा वॉर्डाचा रिवाजच झाला. कोणाचंही पहिलं काही झालं, की ते त्याच्या आईसाठी झाकून ठेवायचं.

माझं पलस्तर निघाल्यावर मी उभी राहिले ती फुलमतीच्या बारीला. खाटेला धरून, मग न धरता. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि फुलमतीच्या पोटाशी जाऊन धडकले. तिने मला घट्ट धरलं, आणि पहिला शब्द काढला तो, "चुप! किसी को नहीं बताना."

माय आली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "आज सुजाताला उभं करू या." मी उभी राहिले. वसंताकडून शिकल्याप्रमाणे डगमगले. चार पावलं टाकली. मायने पदर तोंडात कोंबला, मग मला उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. एवढी मोठी बाई हुंदके देऊन रडत होती. आणि मला मधेच आठवलं, ही युक्ती तर हिचीच.

घरी

सुट्टी झाली त्या दिवशी बाबा रिक्षा घेऊन आले. डॉक्टरांनी गोळ्या पुढेही चालू ठेवायला सांगितल्या, आणि त्या मायने मला एकही न चुकता खायला लावल्या. माझा पाय किंचित आखूड राहिला आहे. साडी नेसल्यावर कळतही नाही.

रिक्षात मी मायच्या शेजारी बसले होते. मला राहवेना. मी विचारलं, "माय, मी आधीच चालली होती, तुले माहीत होतं ना?"

"हाव."

"मंग काहून इतकी रडली?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी फारच वेडी आहे.

"तू चालली असशीन दहादा. मी तं पहिल्यांदाच पाह्यलं ना."

बस्तीच्या कोपऱ्यावर तिने बाबांना थांबायला सांगितलं. घर अजून बरंच दूर होतं. बाबा म्हणाले, दारापर्यंत नेतो ना. माय खाली उतरली, मला उतरवलं आणि माझा हात सोडला.

"चाल," ती म्हणाली. "बस्तीनं अजून पाह्यलं नाही."